घरात पहिला डॉक्टर: खान्देशात आनंदसोहळा कसा करावा

निकालाचा मेसेज घरच्या ग्रुपवर पडला की तासाभरात विचारणा सुरू होते. जेवण कधी, कार्यालय कोणतं, बॅनर कुठे लावायचा? आनंदच तेवढा असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत डॉक्टर होणारं पोर आजही त्या घरातलं पहिलंच असतं. त्याच्या मागे दोन-चार एकर कपाशी असते, आत्याच्या घरातली अभ्यासाची खोली असते, कुणी न मागता दिलेले हातउसने पैसे असतात. सोहळा करावाच आणि मनापासून करावा. पण सुरुवात कार्यालयाच्या बुकिंगने करू नका, माणसांच्या यादीने करा. जागा, जेवण आणि खर्च त्या यादीवरून ठरत जातात. उलटं केलं की हॉल मोठा मिळाला म्हणून माणसं वाढतात, आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते चौथ्या पंगतीत मागे राहतात.

दिवस कोणता धरायचा?

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतर 1 वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. त्यामुळे आनंदाचे प्रसंग तीन येतात: शेवटच्या वर्षाचा निकाल, इंटर्नशिपची समाप्ती आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी हाती पडणं. तिन्ही वेळा मोठा कार्यक्रम करायची गरज नाही. निकालाच्या दिवशी पेढे, घरच्या घरी औक्षण आणि कुलदेवतेपुढे दिवा एवढं पुरे. मुख्य सोहळा इंटर्नशिप संपल्यावर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटर्न असताना महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी तात्पुरती असते आणि काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालतं. कायम नोंदणी झाली की पोर स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण तपासू शकतं. पत्रिकेवर नावापुढे पदवी छापायची असेल तर तेव्हाच छापा.

रजेचंही गणित आहे. इंटर्नशिपच्या वर्षभरात रजा 15 दिवसांचीच मिळते. त्याहून जास्त गैरहजेरी झाली तर तेवढी इंटर्नशिप लांबते. निकालानंतर लगेच चार दिवसांचा कार्यक्रम आखला तर त्याचा भार पोरावरच पडतो.

मग ऋतू पाहा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात मांडवात दुपारची पंगत बसवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसांची परीक्षा पाहणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी आलेल्याच असतात, आत्या-मावश्यांना वेगळं बोलवावं लागत नाही. तेव्हा करायचं असेल तर दिवेलागणीनंतरच करा. ऐन कापूस वेचणीत रविवार सोडून दुसरा दिवस धरला तर निम्मं गाव शेतात असेल. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी सगळ्यात सोयीचा: हवा थंड, वांगी भरात, केळी-कपाशीच्या कामातून माणूस थोडा मोकळा. श्रावणात कानबाईच्या वेळी भाऊबंद एकत्र येतातच, पण तो देवीचा उत्सव आहे. त्यात आपला कार्यक्रम घुसवू नये.

यादी: तीन पानांवर

वही घ्या. पहिल्या पानावर त्यांची नावं लिहा ज्यांच्याशिवाय हे झालंच नसतं. आई-वडील, आजी-आजोबा, फी भरायला धावून आलेले जिभाऊ, नीटच्या तयारीसाठी वर्षभर डबा देणारी मावशी, जिल्हा परिषद शाळेतले पहिलीचे गुरुजी, विज्ञान शिकवणाऱ्या बाई, होस्टेलला जाताना पहाटे स्टँडवर सोडणारे शेजारचे आप्पा. हे पान डॉक्टर झालेल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावं, आणि नंतर आईने तपासावं. आईला अशी चार नावं आठवतात जी पोराला माहीतच नसतात.

दुसऱ्या पानावर भाऊबंद, सोयरे, गल्ली, गाव. तिसऱ्यावर कॉलेजचे मित्र आणि सहकारी. पहिल्या पानावरच्या प्रत्येकाला घरी जाऊन बोलवा. व्हॉट्सअॅपवर पत्रिका टाकून चालणार नाही. गुरुजी निवृत्त होऊन पाचोऱ्याला किंवा शहाद्याला राहायला गेले असतील तर तिथे जा. या माणसांना येण्या-जाण्याची गाडी तुमची असावी, आणि त्यांची बसायची जागा आधी ठरलेली असावी.

बाकीच्यांना मेसेज चालेल. आपल्या अहिराणी बोलीतला असेल तर अधिक गोड लागतो. ‘आमनी पोर डॉक्टर व्हयनी. बठ्ठा जेवाले या.’ एवढ्या दोन ओळी, खाली दिवस, वेळ आणि ठिकाण. शेवटी ‘आहेर आणू नये’ हे ठळक लिहा आणि पाळा. टॉवेल-टोपीची देवाणघेवाण इथे नकोच. लग्नातले टॉवेल-टोप्या कपाटात पडून असतात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

सत्काराची दिशा बदला

आपल्याकडच्या सत्काराची ठरलेली पद्धत अशी: स्टेजवर खुर्च्यांची रांग, पाहुण्यांची भाषणं, डॉक्टर पोर तास-दोन तास शाल-श्रीफळ घेत उभं, आणि आई स्वयंपाकघरात. ही पद्धत मोडावी असं मला फार मनापासून वाटतं.

त्याऐवजी असं करा. सुरुवात औक्षणाने. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, आणि औक्षण आजीच्या हातून. आजी नसेल तर घरातली सगळ्यात वडीलधारी बाई. मग डॉक्टरने स्वतः माइक घ्यायचा आणि पहिल्या पानावरच्या एकेकाला नावाने पुढे बोलवायचं. प्रत्येकासाठी एकच वाक्य बोलायचं, पण ते खरं आणि नेमकं असावं. ‘यांनी मला खूप मदत केली’ हे कुणालाही लागू पडतं. ‘अकरावीत माझी सायकल मोडली तेव्हा तात्यांनी स्वतःची दिली आणि महिनाभर ते पायी शेतात गेले’ हे एका माणसाचंच असतं. मांडवातल्या प्रत्येकाला ते कळतं, आणि तात्या डोळे पुसतात. मग शाल त्या माणसाला द्यायची, डॉक्टरला नाही. दहा-बारा नावं असली तरी अर्ध्या तासात हे आटोपतं.

शालीऐवजी आणखी एक गोष्ट देता येते: इंटर्नशिपच्या विद्यावेतनातून घेतलेली. आईला साडी, वडिलांना धोतरजोडी किंवा चांगली चप्पल, आजीला उबदार शाल. किंमत किती याला महत्त्व नाही, पोराच्या स्वतःच्या कमाईचे पैसे असावेत.

जागतिक वैद्यकीय संघटनेने 1948 मध्ये जिनिव्हाच्या घोषणेतून वैद्यकांसाठी एक प्रतिज्ञा दिली, ती 2017 मध्ये सुधारली. रुग्णाचं हित पहिलं, वय, जात, धर्म, लिंग यावरून भेद नाही, रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या मृत्यूनंतरही गुप्त, गुरुजनांचा आदर, आणि सुधारित मजकुरात डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याचीही काळजी घ्यावी असं म्हटलं आहे. कॉलेजात शपथ इंग्रजीत झालेली असते. तिचा आशय मराठीत किंवा अहिराणीत, सोप्या पाच-सहा वाक्यांत, घरच्या माणसांसमोर वाचला तर त्या घराला कळतं की आपल्या पोराने कशाची हमी घेतली आहे.

पाहुण्यांची भाषणं ठेवायची असतील तर दोन, प्रत्येकी पाच मिनिटं. ज्याला माइक सोडवत नाही त्याला जेवणाची सुरुवात करायचा मान द्या.

स्लाइडशो करणार असाल तर एक गोष्ट काटेकोर पाळा: वॉर्डातला, ऑपरेशन थिएटरमधला, रुग्णाचा चेहरा, केसपेपर किंवा एक्स-रेवरचं नाव दिसणारा एकही फोटो नको. रुग्ण ‘काढा फोटो’ म्हणाला असला तरी तो मांडवात दाखवायला नव्हता. बाळंतपणाचे, अपघाताचे फोटो तर कधीच नको. शाळेतले, होस्टेलचे, बस स्टँडवरचे, शेतातले फोटो असतातच की. आणि वॉर्डात घातलेला पांढरा कोट जेवणाच्या पंगतीत नको. फोटोसाठी हवा असेल तर नवा किंवा धुतलेला घाला आणि जेवणाआधी काढून ठेवा.

गावजेवण: वरण-बट्टी

गावाला जेवण द्यायचं तर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी यापलीकडे शोधत बसू नका. पनीरच्या भाज्या आणि चायनीज काउंटर लोक विसरतात. शिवाय हे जेवण करणारे आचारी प्रत्येक गावात आहेत, आणि गल्लीतल्या बायका-पुरुषांना हाताशी धरून ते होतं.

100 माणसांचा अंदाज असा धरा: बट्टीसाठी गव्हाचं जाडसर पीठ 14-15 किलो, तूरडाळ 6 किलो, वांगी 12-13 किलो. पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन. घट्ट मळून उंडे करायचे, वाफवायचे, गार झाल्यावर कापून तळायचे. गरम असतानाच कापले तर बट्टी चुरते आणि तेल पिते, एवढं आचाऱ्याला बजावून सांगा. वाफवण्याचं काम सकाळी उरकता येतं, तळण मात्र पंगतीच्या वेळीच. तुपाची वाटी वेगळी फिरवा, म्हणजे ज्यांना पथ्य आहे त्यांच्या ताटात ते नको असताना पडणार नाही.

गोडाला खापरावरचे पुरणाचे मांडे करता आले तर त्याहून मोठा मान नाही. पण मांडे हाताचं काम आहे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. ते जमणाऱ्या बायका आता प्रत्येक गल्लीत सापडत नाहीत. 100 माणसांना मांडे द्यायचा हट्ट धरू नका. पहिल्या पानावरच्या माणसांना द्या, बाकीच्यांना शिरा किंवा जिलेबी.

उन्हाळ्यात एक नियम: शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त उघड्यावर गरम हवेत राहू नये. दही-ताक, खवा आणि कापलेली फळं सगळ्यात आधी खराब होतात. पाण्याचे जार स्वच्छ ठिकाणाहून आणा, हात धुवायला साबण आणि नळाची सोय ठेवा. डॉक्टरच्या जेवणातून दुसऱ्या दिवशी अर्धं गाव जुलाबाने आजारी पडू नये.

मित्रांसाठी मळ्यात भरीत

कॉलेजचे मित्र गावजेवणाला बोलवा, पण त्यांच्यासाठी एक दिवस वेगळा ठेवा. इंटर्नशिप संपली की बॅच पांगते. कुणी नीट पीजीच्या अभ्यासाला बसतो, सरकारी कॉलेजातले बंधपत्राच्या सेवेवर जातात, कुणी गावी परततो. म्हणून हा दिवस इंटर्नशिप संपायच्या आधीचा, शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांतला धरा. तारीख महिनाभर आधी सांगा, म्हणजे ड्युटीच्या अदलाबदली करता येतील. सगळे एकाच दिवशी सुटणार नाहीत हेही गृहीत धरा. वॉर्ड रिकामा ठेवून कुणी येऊ नये.

हिवाळा असेल तर ठिकाण एकच: शेत. मुंबई-नागपूरच्या मित्राला खान्देश दाखवायचा तर मळ्यातल्या भरितासारखं दुसरं काही नाही. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव किंवा नंदुरबार स्टेशनवरून त्यांना उचलायची सोय करा.

40 जणांना 12 किलो वांगी लागतात. ती बामणोदची, भालोदची किंवा आसोद्याची, मोठी, हिरवट आणि कमी बियांची. घेताना हातात तोलून पाहा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर ते कोवळं. जड असेल तर बिया भरल्या आहेत. सोबत हिरव्या मिरच्या अर्धा किलो, लसूण पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, कांद्याच्या पातीच्या सात-आठ जुड्या, कोथिंबीर आणि लिटरभर तेल.

जाळ पऱ्हाटीचा. कपाशीच्या वाळलेल्या काड्या झटकन पेटतात आणि आच तेज देतात, भरिताला ती खास चव या धुरातूनच येते. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती येत नाही. वांग्याला आधी दोन-तीन ठिकाणी टोचे मारा, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. देठ काढू नका, फिरवायला तोच धरायचा असतो. साल काळी होऊन सुटायला लागली आणि देठाजवळचा भागही मऊ लागला की उतरवा. साल हाताने सोला, पाण्याखाली धरू नका, धुराची चव धुऊन जाते. गर लाकडी भांड्यात मुसळाने ठेचा. मिक्सरमध्ये त्याची खीर होते.

फोडणीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळायचे, मग ठेचलेली मिरची-लसूण, मग पात, शेवटी गर. बाहेरच्या मित्रांसाठी एक वाटा मिरची घालायच्या आधीच बाजूला काढा. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. चुलीवर ती थापणाऱ्या काकूंना दुपारीच सांगून ठेवा, 40 जणांच्या भाकऱ्या शेवटच्या क्षणी होत नाहीत. मुळा, कांदा, कढी. पानात शेवटी केळं.

मित्र मुक्कामी असतील तर गोधड्या मोजून काढा, शेतात रात्री चांगलीच थंडी पडते. दुसऱ्या दिवशी फिरवायचं तर चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, नंदुरबारकडून तोरणमाळ. जळगावहून अजिंठा गाठायचं तर सोमवार सोडून, कारण लेण्या सोमवारी बंद असतात. गाडी चालवणाऱ्याने दारूला हात लावायचा नाही, आणि रात्रपाळी करून आलेल्याला स्टिअरिंगवर बसवायचं नाही. अपघात विभागात काम केलेल्या पोरांना याचं कारण सांगावं लागू नये.

रक्तदान करायचं असेल तर

सोहळ्याच्या दिवशी रक्तदान शिबिर ठेवणं ही आपल्याकडे चांगली रूढ होत चाललेली गोष्ट आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यातल्या काहींना वेळोवेळी रक्त लागतं, म्हणून खान्देशात याला वेगळा अर्थ आहे. पण नीट करा. परवानाधारक रक्तपेढीशी दोन-तीन आठवडे आधी बोला. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त. मागच्या रक्तदानाला पुरुषांना 3 महिने आणि स्त्रियांना 4 महिने झालेले असावेत. ही माहिती निमंत्रणातच लिहा, म्हणजे ऐनवेळी कुणाला परत पाठवावं लागणार नाही. वेळ सकाळची, नाश्ता झाल्यावरची. बसायला सावलीत खुर्च्या, प्यायला सरबत, आणि रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं कुणालाही उठू देऊ नका.

मांडवातला दवाखाना

हा प्रसंग येणारच. ‘जरा माझी शुगर बघ ना’, ‘गुडघ्याला काय घेऊ?’, खिशातून घडी केलेले रिपोर्ट. माणसं प्रेमाने आणि विश्वासाने विचारतात, झिडकारू नका. पण हातात ताट असताना, गर्दीत, अर्धवट रिपोर्टवरून औषध सांगणं धोक्याचं आहे, आणि त्या माणसाचं दुखणं चार लोकांत बोलणंही बरोबर नाही. पोराने आधीच ठरवून ठेवावं: ‘काका, उद्या सकाळी 9 ते 11 मी घरीच आहे, जुने कागद घेऊन या, निवांत बसू.’ घरच्यांनीही हेच सांगावं. मात्र कुणी छातीत दुखतं, घाम आला, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं असं म्हणालं, तर उद्याची वाट नाही: 108 ला फोन आणि सरळ रुग्णालय.

आवाजाबद्दल थोडक्यात. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते, रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद, आणि रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला जातो. मिरवणूक काढणार असाल तर ग्रामीण रुग्णालयाच्या दारावरून डीजे नेऊ नका. संबळ आणि सनई पुरे. बॅनरला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी घ्या आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतः उतरवा.

दुसऱ्या दिवशी

भांडी मोजून परत करा, आचाऱ्याचे आणि मदतीला आलेल्या बायकांचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. राहिलेलं अन्न रात्रीच वाटून टाका, सकाळपर्यंत ठेवू नका. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, गुणपत्रकं आणि नोंदणीचे कागद एका फाइलमध्ये लावून त्यांच्या प्रती काढा. सोहळ्याच्या गडबडीत हीच फाइल कुठल्यातरी पिशवीत जाते आणि कायम नोंदणीच्या वेळी शोधाशोध होते.

मग पहिल्या पानावरची ती नावं पुन्हा काढा जी येऊ शकली नाहीत. अंथरुणाला खिळलेली मोठी माय, डायलिसिसवर असलेले अण्णा, दूरच्या गावी राहणाऱ्या बाई. त्यांच्याकडे डॉक्टरने स्वतः जायचं, पेढे आणि शाल घेऊन. जाण्याआधी घरच्यांना फोन करून त्यांची झोपायची आणि औषधाची वेळ विचारून घ्या. मधुमेह असेल तर पेढ्याऐवजी घरचे भाजलेले शेंगदाणे न्या. आणि तासभर तरी बसता येईल एवढा वेळ हाताशी ठेवून निघा.